काठावरची तुरीची ओळ

कलबुर्गीच्या काळ्या रानात तूर पाच-सहा महिने उभी असते. डिसेंबर-जानेवारीत कापणीचे दिवस आले की सरकारी कर्मचारी दोरी-खुंट्या घेऊन शेतात येतो, नेमून दिलेल्या जागी चौकट आखतो, आतले पीक कापून, झोडपून त्याचे वजन करतो. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. 2016 साली सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत मुख्य पिकासाठी ग्रामपंचायतीमागे असे चार प्रयोग धरले आहेत. त्यांची सरासरी योजनेने आधी ठरवलेल्या उंबरठा उत्पादनाखाली किती उतरली, यावर साऱ्या पंचायतीची भरपाई ठरते. आता समजा, चौकट पाच मीटर रुंद आहे आणि तुरीच्या ओळी चार-चार फुटांवर आहेत. आत चार ओळी बसतात. काठावरची पाचवी ओळ हलक्या हाताने आत घेतली गेली, तर उत्पादन एकदम पावपटीने वाढलेले दिसते. कागदावर पीक वाढले की भरपाई घटते. त्या काठावरच्या ओळीचा वाद ऐंशी वर्षांपूर्वी कडाक्याने लढला गेला होता, आणि तोही सांख्यिकीच्या शोधपत्रिकांत. बिदर-कलबुर्गीत या पत्रिका कुणी वाचत नसेल. तरी त्यांच्याइतका या शेताशी संबंध असलेला छापील कागद दुसरा क्वचितच असेल, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने बांधत. आणेवारी हा शब्द त्याच काळचा. रुपयात किती आणे पीक आले, ते पाहणाऱ्याने डोळ्यांनी ठरवायचे. बिहार-ओरिसातले सनदी अधिकारी जॉन हबॅक यांनी 1920 च्या दशकात भाताच्या शेतांतून यदृच्छया निवडलेल्या जागा कापून ही रीत मोडायला सुरुवात केली. त्यांचा 1927 चा निबंध सरकारी प्रकाशनात पडून राहिला असता. ‘संख्या’ने तो 1946 मध्ये पुन्हा छापला. सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1933 मध्ये कलकत्त्यात सुरू केलेली ही पत्रिका. स्वतः महालनोबिस बंगालमध्ये लहान वर्तुळे कापत होते. कापणी लहान असली की कमी वेळात पुष्कळ ठिकाणी जाता येते, आणि आपली शिकवून तयार केलेली माणसे ती नेमकी कापतील, हा त्यांचा भरवसा. त्याला हरकत घेतली ती सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले सांख्यिकीतज्ज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. क्षेत्र जितके लहान, तितका त्याच्या मानाने काठ मोठा. आणि काठावरचे ताट आत की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. म्हणून लहान वर्तुळातून उत्पादन फुगून येते, हे त्यांनी निरनिराळ्या आकारांच्या कापण्या शेजारी-शेजारी घेऊन दाखवले. 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या पत्रिकेत त्यांनी हे मांडले. महालनोबिसांनी आपली बाजू ‘संख्या’त मांडली. दोघांनीही आकडे, रीत आणि आकृत्या उघड्यावर ठेवल्या, म्हणून तिसऱ्याला तपासता आले. पत्रिकेची खरी कामगिरी मला हीच वाटते. निष्कर्ष सरकारी अहवालातही छापून येतो. पण तो कसा काढला आणि कुठे चुकू शकतो, हे विरोधकाच्या हाती देणारी जागा अहवालात नसते.

यावर एक आक्षेप हमखास येईल. बिघाड सूत्रात नसतो, बांधावर असतो. कर्मचारी शेतात गेलाच नाही, किंवा घरी बसून आकडा भरला, तर पत्रिका काय करणार? आक्षेप वजनदार आहे, पण तो पत्रिकांनी फार आधीच स्वतःवर घेतला होता. एकाच भागात दोन स्वतंत्र पथके वेगवेगळ्या नमुन्यांवर पाठवायची आणि त्यांचे आकडे ताडून पाहायचे, ही महालनोबिसांची युक्ती माणसाची चूक पकडण्यासाठीच होती. भारतीय कृषि सांख्यिकी संस्था 1947 मध्ये उभी राहिली, तिची पत्रिका 1948 पासून निघू लागली; 1952 मध्ये तिच्यात सुखात्मे आणि सेठ यांनी नमुना निवडीबाहेरच्या चुकांचाच हिशेब मांडला. म्हणजे कर्मचाऱ्याच्या हातून होणारी चूक हा शास्त्राचाच विषय आहे. तो ज्यांना नीट मांडता येतो, त्यांना तहसीलदारापुढे नुसती तक्रार न करता नेमका प्रश्न विचारता येतो: दुसरे पथक कुठे आहे?

वादाची ही रीत दारिद्र्याच्या मोजणीतही दिसली. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये दिवसाला 2250 कॅलरींच्या आधारे दारिद्र्यरेषा मांडली. माणसाची गरज दिवसागणिक बदलते, सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नसतो, असे सुखात्मे म्हणाले. दांडेकरांनी ते सडेतोड खोडले. 1980 च्या दशकात ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर दोन सातारकरांमध्ये झालेला हा वाद मराठी वाचकाला फारसा ठाऊक नाही, याची खंत वाटते. कर्नाटकात प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या नंजुंडप्पा समितीने 2002 मध्ये निर्देशांक बांधून 39 तालुके अतिमागास ठरवले, त्यांतले 21 गुलबर्गा (म्हणजे आजच्या कलबुर्गी) विभागातले. निर्देशांकात काय घ्यायचे आणि त्याला किती वजन द्यायचे, हा प्रश्नही याच जातीचा आहे.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. या पत्रिका इंग्रजीत आणि गणिताच्या भाषेत बंद आहेत. बिदर जिल्ह्यातल्या औराद, भालकी, बसवकल्याणकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी चालते.  पण गणित सोपे करता येत नाही म्हणून रीतही सांगता येत नाही, हे मी मानत नाही. कृषि सांख्यिकीची पत्रिका स्वतः हिंदी परिशिष्ट छापत आली आहे. चौकट कोणी, कुठे, कशी आखायची, काठावरची ओळ केव्हा आत आणि केव्हा बाहेर धरायची, वजन कोणासमोर करायचे, एवढे सांगायला एक पान पुरते. ते पान कन्नड आणि मराठीत छापून कापणीआधी पंचायतीच्या भिंतीवर लावावे, आणि कापणी झाल्यावर त्याच भिंतीवर चारही चौकटींची वजने लावावीत. सुखात्म्यांनी मोजून दाखवलेली चूक शेतकऱ्याला स्वतः तपासता आली पाहिजे. विम्याचा हप्ता त्यानेही भरलेला असतो.