घरापुढील रस्ता आणि मोटारीचा वेग

वस्तींतील रस्ता वाटसरूंचा असतो, तसाच तो दुतर्फा राहणाऱ्या घरांचाहि असतो. उंबरठा ओलांडणारें मूल प्रथम त्याच रस्त्यावर येतें. तेथून मोटार जावयास हरकत नाहीं. ती किती वेगानें जाते, एवढाच प्रश्न आहे.

समजा, मोटारीपुढें पंधरा मीटरांवर एखादें मूल अचानक आलें. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो. ताशीं ५० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यांत सुमारें १४ मीटर पुढें येते, आणि आघात जवळजवळ पूर्ण वेगानें होतो. ताशीं ३० किलोमीटर वेगाची मोटार, रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असल्यास, त्याच अंतरांत थांबूं शकते. वेग दीडपटीहून थोडा अधिक झाला, कीं आघाताची शक्ति पावणेतीन पट होते.

मग वेग उतरावा कसा? नुसत्या पाटीनें तो फारसा उतरत नाहीं. इंग्लंडांत केवळ पाट्या लावून ताशीं २० मैलांची मर्यादा घातलेल्या वस्त्यांची पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. तेथें मध्यम वेग एक मैलानेंहि घटला नव्हता. उलट लंडन शहरांत ज्या भागांत हीच मर्यादा उंचवटे व अरुंद वळणें यांसारख्या बांधकामांच्या जोडीनें घातली गेली, तेथें १९८६ ते २००६ या काळांतील नोंदींवरून अपघातांत सांपडणाऱ्यांची संख्या सुमारें ४२ टक्क्यांनीं कमी झाल्याचें आढळलें. सर्वांत अधिक लाभ लहान मुलांना झाला. अपघात शेजारच्या रस्त्यांवर सरकले, असेंहि दिसलें नाहीं.

हॉलंडांतील डेल्फ्ट नगरानें तर रस्त्यालाच अंगणाचें रूप दिलें. पदपथाची कड काढून टाकली, मध्यें झाडें लावली, वाट वांकडी केली. ‘वोनेर्फ’, म्हणजे राहत्या घरांचें अंगण, या नांवानें १९७६ सालीं तेथील कायद्यानें अशा रस्त्यांना मान्यता दिली.

आपल्याकडे गतिरोधक पुष्कळ, परंतु माप पाळलेले थोडे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणें गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व केवळ १० सेंटीमीटर उंच हवा. त्यावरून ताशीं २५ किलोमीटर वेगानें सुखरूप जातां येतें. अरुंद, उभट आणि रंगाचे पट्टे नसलेला वरवंटा रात्रीं दुचाकीस्वाराला पाडतो आणि रुग्णवाहिकेंतील रोग्याला हादरे देतो. म्हणून गतिरोधकाची मागणी करणाऱ्या रहिवाशांनीं त्याचें मापहि मागून घ्यावें. मुलाचें रक्षण करण्याकरितां घातलेला उंचवटा दुसऱ्या कोणाचा घात करील, तर त्याचा हेतु अर्धाच साधला.