आवाजाचे बटण आणि त्याचा खरा अधिकार

ज्या लखनौ शहरात विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली मॅरिस कॉलेज हे संगीतविद्यालय स्थापन केले, आणि जेथे पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारख्या मुंबईच्या पंडिताने दीर्घकाळ प्राचार्यपद भूषविले, त्या शहरातील विकास नगरच्या एखाद्या दिवाणखान्यात जुनी गायकी ऐकू इच्छिणाऱ्या मराठी रसिकासमोर एक साधा, परंतु बहुधा दुर्लक्षित प्रश्न उभा राहतो : अँप्लिफायरचे बटण निम्म्यावर असता त्याची शक्तीही निम्मीच खर्च होते काय?

तसे मुळीच नाही. नळाच्या तोटीला जसा टाकीतील पाण्यावर अंमल नसतो, तसा या बटणालाही मूळ संकेतावर नसतो. आत आलेल्या संकेताचा किती अंश पुढे जाऊ द्यावयाचा, एवढाच त्याचा अखत्यार. रेकॉर्ड प्लेयरच्या नेहमीच्या चुंबकीय पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, तर सीडी प्लेयर पूर्ण पातळीस सुमारे २ व्होल्ट, म्हणजे चारशेपट, देतो. तबकडीसाठी ‘फोनो’ नावाची निराळी जोडणी असते ती याच कारणास्तव.

आता, बटण पूर्ण उघडे असता २०० मिलिव्होल्टांतच ज्याची पूर्ण शक्ती प्रकट होते असा अँप्लिफायर घ्या. मानवी कर्णाच्या प्रकृतीस अनुसरून बटणाची रचना अशी केलेली असते, की ते मध्यावर असता संकेताचा सुमारे दहावा अंशच पुढे जातो. परंतु २ व्होल्टांचा दहावा अंश म्हणजेच २०० मिलिव्होल्ट, तेव्हा गायनाच्या उत्कर्षबिंदूवर यंत्राची मर्यादा निम्म्या फेरीतच गाठली जाते. त्यापुढे बटण फिरविल्यास लहरींची शिखरे छाटली जाऊन स्वर फाटतो आणि स्पीकरमधील नाजूक ट्वीटर जळण्याचा संभव निर्माण होतो. शिवाय आवाज दुप्पट भासावा म्हणून साधारणतः दसपट शक्ती लागते, ही बाबही ध्यानी ठेवावी.

उलटपक्षी, अँप्लिफायरला मोबाइल जोडून त्याचा आवाज क्षीण ठेवला आणि अँप्लिफायर चढविला, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते. म्हणून मोबाइलची पातळी, स्वर फाटत नाही इतपत, वरच्या टोकाजवळ ठेवावी व पुढील सारा बंदोबस्त अँप्लिफायरच्या बटणाकडे सोपवावा. आणि मोबाइलवरून सीडीकडे वळण्यापूर्वी ते बटण न चुकता खाली आणावे.