तेच विमान, कमी इंधन : पंखा मोठा का झाला?

नकाशावर मुंबई आणि कोइमतूर ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर ती रेषा गडहिंग्लज तालुक्याच्या आसपासून जाते. नेसरीसारख्या गावातून मान वर करून पाहिले की उंचावरून जाणारे एखादे जेट विमान दिसते. देशांतर्गत मार्गांवर अशी विमाने बहुधा एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ या कुळांतली असतात. त्यांत मधे एकच वाट असते आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने. वीस वर्षांपूर्वीचे ए-३२० आणि आजचे ‘ए-३२० निओ’ यांत खालून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. लांबी तीच, आसनेही जवळपास तेवढीच. तरी त्याच प्रवासाला जुने विमान १०० किलो इंधन जाळत असेल, तर नवे सुमारे ८५ किलोच जाळते. ‘निओ’ या नावाचा अर्थच मुळी ‘नव्या इंजिनाचा पर्याय’ असा आहे. म्हणजे बचतीचे मुख्य कारण इंजिनात शोधायला हवे. ते समजण्यासाठी शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

होडीतून मारलेली उडी

इंजिन हवेला मागे ढकलते आणि हवा विमानाला पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. पण ढकलायचे कसे? लहान होडीतून काठावर उडी मारणाऱ्याचा अनुभव आठवा. होडी सर्रकन मागे सरकते आणि उडी तोकडी पडते. मोठ्या नावेतून तीच उडी मारली, तर नाव जेमतेम हलते. पहिल्या वेळी पायांच्या श्रमातला बराच भाग होडीला मागे पळवण्यात खर्ची पडला. तात्पर्य, ज्याला रेटा द्यायचा ते जितके जड, तितकी ऊर्जा कमी वाया जाते. विमानाला रेटा द्यायला हवेखेरीज दुसरे काही नाही. म्हणून एका वेळी जास्तीत जास्त हवा पकडायची आणि ती हळू ढकलायची.

फळ्यावरचे गणित

समजा, विमान सेकंदाला २३० मीटर वेगाने जात आहे आणि त्यासाठी ४०,००० न्यूटन बल हवे आहे. हे बल म्हणजे दर सेकंदाला ढकललेल्या हवेचे वस्तुमान गुणिले तिच्या वेगात झालेली वाढ. ते दोन प्रकारे मिळवता येईल.

(अ) दर सेकंदाला १०० किलो हवा, वेगवाढ ४०० मीटर प्रति सेकंद.
(आ) दर सेकंदाला ४०० किलो हवा, वेगवाढ १०० मीटर प्रति सेकंद.

दोन्हींत बल सारखेच. आता मागे पळत सुटलेल्या हवेची गतिज ऊर्जा काढू. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, या सूत्राने (अ) मध्ये दर सेकंदाला ८० लाख जूल वाया जातात, तर (आ) मध्ये फक्त २० लाख. वेगाचा वर्ग होतो, वस्तुमानाचा होत नाही. सगळा फरक एवढ्यातच आहे.

मग इंधन चौपट वाचते का? नाही. विमान पुढे नेण्याचे काम (४०,००० गुणिले २३०, म्हणजे ९२ लाख जूल) दोन्हींत करावेच लागते. एकूण ऊर्जा १७२ लाखांवरून ११२ लाखांवर येते, म्हणजे बचत सुमारे ३५ टक्के. ही पायरी मुलांकडून हमखास सुटते. ती फळ्यावर जरूर करून घ्यावी.

एकास एक ते एकास बारा

आजच्या जेट इंजिनात पुढे मोठा पंखा असतो. त्याने ओढलेली थोडी हवा मधल्या गाभ्यात जाते आणि तिथे इंधन जळते. बाकीची हवा गाभ्याला वळसा घालून थेट मागे जाते. इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या बोइंग ७३७-२०० विमानांत गाभ्यातली आणि वळसा घालणारी हवा साधारण सारखीच होती. १९८९ मध्ये याच कंपनीकडे ए-३२० आले. त्यातल्या इंजिनात हे प्रमाण एकास पाचच्या आसपास होते. २०१६ पासून इंडिगो आणि मुंबईची गोएअर यांच्याकडे निओ विमाने आली. त्यांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात ते सुमारे एकास बारा झाले. पंख्याचा व्यास सुमारे १.६ मीटरवरून २ मीटरपुढे गेला. मोठ्या पंख्याचे वजन आणि त्याला होणारा हवेचा विरोधही वाढतो. त्यामुळे प्रत्यक्षातली बचत आपल्या गणितापेक्षा कमी असते.

मोठ्या पंख्याच्या अडचणी

पंखा फिरवणारे टर्बाइन मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्या घेते. पंखा त्याला थेट जोडला, तर पात्यांची टोके किती वेगाने फिरतील? परीघ साधारण ६.४ मीटर धरा. उत्तर सेकंदाला हजार मीटरच्या वर जाते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या तिप्पट! गुऱ्हाळावर चरकाला मोटार थेट जोडत नाहीत. मधे पट्टा आणि दातेरी चाके घालून वेग उतरवतात. प्रॅट अँड व्हिटनीने तेच केले. गिअर घालून पंख्याचा वेग सुमारे एकतृतीयांशावर आणला.

बोइंगची अडचण वेगळी होती. १९६७ मध्ये पहिल्यांदा उडालेले ७३७ जमिनीपासून बुटके आहे. मोठे इंजिन पंखाखाली मावेना, म्हणून ‘मॅक्स’ विमानात ते पुढे आणि वर सरकवले. त्यामुळे काही स्थितींत विमानाचे नाक अधिक वर उचलले जाऊ लागले. ते आपोआप खाली आणणारी संगणकप्रणाली बसवली, पण ती एकाच संवेदकाच्या मापनावर विसंबून होती. मापन चुकले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात व मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. प्रणालीत सुधारणा झाल्यावर भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये या विमानांना पुन्हा परवानगी मिळाली.

निओची वाटही सरळ नव्हती. मार्च २०१८ मध्ये इंजिने उड्डाणात बंद पडल्यामुळे भारतात इंडिगोची ८ आणि गोएअरची ३ विमाने जमिनीवर थांबवावी लागली. पुढे जुलै २०२३ मध्ये आणखी एक दोष जाहीर झाला. निकेल मिश्रधातूची भुकटी दाबून घडवलेल्या इंजिनातल्या चकत्यांत अशुद्धी राहिली होती. तपासणीसाठी इंजिने उतरवली गेली आणि इंडिगोची डझनावारी विमाने उभी राहिली. त्याआधीच, मे २०२३ मध्ये, गोएअर (तेव्हाचे नाव गो फर्स्ट) बंद पडली होती. कंपनीने इंजिनांना दोष दिला. इंजिन बनवणाऱ्यांनी तो नाकारला. कर्मचाऱ्यांची नोकरी मात्र गेली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नवा म्हणून ज्याची धास्ती वाटावी तो गिअर या दोषांचे कारण नव्हता.

मग इंधन वाचले का?

भारतात देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या २०१४ मध्ये सुमारे ६.७ कोटी होती, २०२४ मध्ये ती सुमारे १६.१ कोटी झाली. म्हणजे जवळजवळ २.४ पट. प्रत्येक प्रवाशामागे इंधन १५ टक्के कमी झाले असे धरले, तरी ०.८५ गुणिले २.४ म्हणजे एकूण इंधन दुपटीवर जाते. इंधन हा विमान कंपन्यांचा मोठा खर्च असतो. तो कमी झाला की तिकीट परवडू लागते आणि उड्डाणे वाढतात. नवी इंजिने नसती, तर एकूण इंधन आणखी वाढले असते, हेही खरेच. पण ‘कार्यक्षमता वाढली’ आणि ‘इंधन कमी जळले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. मोटारी, पंप, दिवे यांच्याबाबतही ती वेगळी ठेवूनच तपासावी लागतात.

वर्गात देण्यासाठी एक उदाहरण : विमानाचे इंधन बरेचसे डोडेकेनसारखे (कार्बन १२, हायड्रोजन २६) असते. त्याच्या ज्वलनाचे समीकरण संतुलित करून घ्यावे. १ किलो इंधनातून ३ किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे विद्यार्थी स्वतः काढतील. १ किलोतून ३ किलो कसे, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. तेव्हा उरलेले वस्तुमान कुठून आले, ते त्यांनाच शोधू द्यावे.