मॅनिफोल्ड दाब संवेदक : नैसर्गिक शोषणाच्या एंजिनासाठी निवड

पेट्रोल एंजिनात सिलिंडरांकडे जाणारी हवा ज्या शाखायुक्त नळीतून वाटली जाते, तिला प्रवेश मॅनिफोल्ड म्हणतात. या नळीतील दाब मोजून त्याचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारे साधन म्हणजे मॅनिफोल्ड दाब संवेदक होय. ज्या एंजिनास हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर किंवा अन्य संपीडक जोडलेला नसतो, ते नैसर्गिक शोषणाचे एंजिन होय. त्यात दट्ट्याच्या शोषण धावेत निर्माण होणाऱ्या अंशतः निर्वातामुळे हवा आत ओढली जाते. म्हणून मॅनिफोल्डमधील दाब भोवतालच्या वातावरणीय दाबापेक्षा सहसा अधिक होत नाही. संवेदकाची निवड मुख्यतः या एका गोष्टीवरून ठरते.

कार्य : एक ग्रॅम पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सु. १४·७ ग्रॅम हवा लागते. त्यामुळे इंधन किती सोडावयाचे हे ठरविण्यापूर्वी सिलिंडरात किती हवा शिरली हे कळावे लागते. मॅनिफोल्डमधील दाब व तापमान, सिलिंडराचे आकारमान आणि तो प्रत्यक्षात किती भरतो याचे प्रमाण यांवरून नियंत्रक हवेचे वस्तुमान काढतो. ठिणगी केव्हा पाडावयाची हेही दाबावरूनच ठरते. दाबाचे मापन चुकले, तर इंधन व ठिणगी दोन्ही चुकतात.

बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या मोटारगाडीसाठी प्रचारात आणलेल्या डी-जेट्रॉनिक प्रणालीत ॲनेरॉइड कुप्यांचा संवेदक होता. दाबानुसार कुप्या आकुंचन वा प्रसरण पावत व तारेच्या वेटोळ्यातील लोखंडी गाभा सरकवीत. आजच्या बहुतेक संवेदकांत सिलिकॉनाचे अतिशय पातळ पटल असते. ताण पडला की सिलिकॉनाचा विद्युत् रोध बदलतो, हा परिणाम सी. एस. स्मिथ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला होता. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर बहुतेक पेट्रोल दुचाकींत कार्ब्युरेटराची जागा इंधन अंतःक्षेपणाने घेतली आणि हा संवेदक लहान एंजिनांतही आला.

निरपेक्ष दाब : संवेदक निरपेक्ष दाब, म्हणजे पूर्ण निर्वातापासूनचा दाब, मोजणारा असावा, केवळ वातावरणाशी असलेला फरक दाखविणारा नसावा. मुंबईस वातावरणीय दाब सु. १०१ किलोपास्काल, तर सु. ३,५०० मी. उंचीवरील लेह येथे सु. ६६ किलोपास्काल असतो. दोन्ही ठिकाणी मॅनिफोल्डमधील दाब वातावरणापेक्षा ३० किलोपास्कालने कमी असला, तर फरक मोजणारे साधन सारखाच आकडा दाखवील. प्रत्यक्षात निरपेक्ष दाब मुंबईस ७१ व लेहला ३६ म्हणजे जवळजवळ निम्मा असतो. निरपेक्ष संवेदकाचा आणखी एक उपयोग असा की, एंजिन सुरू करण्यापूर्वी मॅनिफोल्डमधील दाब वातावरणाइतकाच असल्याने तोच संवेदक त्या ठिकाणचा वातावरणीय दाबही सांगतो.

पल्ला : एंजिन रिकामे फिरत असताना हा दाब साधारणतः ३० ते ४० किलोपास्काल असतो. उतारावर थ्रॉटल बंद असताना तो २० किंवा त्याहूनही खाली जातो, तर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर वातावरणीय दाबाच्या जवळ येतो. ताशी १५० किमी. वेगाने समोरून येणारा वारा त्यात फार तर सु. १ किलोपास्कालची भर घालू शकतो. नळीतील दाबतरंगांमुळेही दाब क्षणभर थोडा चढतो. तेव्हा सु. १० ते १०५ किंवा ११५ किलोपास्काल पल्ल्याचा, व्यवहारात ‘एक बार’ म्हणून ओळखला जाणारा संवेदक पुरेसा होतो.

अधिक पल्ल्याचा संवेदक अधिक चांगला, हा समज चुकीचा आहे. संवेदकाची त्रुटी बहुधा पूर्ण पल्ल्याच्या टक्केवारीत दिलेली असते. ती १·५% धरल्यास १०५ किलोपास्कालच्या संवेदकात सु. १·६, तर ३०० च्या संवेदकात ४·५ किलोपास्काल त्रुटी संभवते. रिकाम्या फिरणाऱ्या एंजिनातील ३५ किलोपास्काल दाबाच्या संदर्भात हे प्रमाण अनुक्रमे सु. ४·५% व १३% होते. निष्कास वायूंतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक अशी चूक काही अंशी सुधारतो. परंतु थंड एंजिन सुरू करताना किंवा थ्रॉटल एकदम उघडल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पुढे टर्बोचार्जर बसवावयाचा असेल, तरच मोठा पल्ला समर्थनीय ठरतो.

इतर बाबी : बदली संवेदकाचे दाब व व्होल्ट यांचे कोष्टक नियंत्रकातील कोष्टकाशी जुळलेच पाहिजे, जोडणीची खीळ जुळते एवढ्यावर विसंबू नये. एक बारच्या जागी दोन बारचा संवेदक लावल्यास नियंत्रक दाब सु. निम्मा समजतो व अपुऱ्या इंधनामुळे एंजिन नीट चालतच नाही. ही चूक लगेच ध्यानात येते. कोष्टकांतील लहान फरक अधिक घातक असतो. रिकामे फिरताना तो जाणवत नाही. मात्र पूर्ण भारावर इंधन कमी पडून एंजिन ठोके देऊ लागते आणि दट्ट्याचा माथा जळू शकतो.

संवेदक थ्रॉटल झडपेच्या पुढे, शक्यतो सर्व शाखांना सामाईक असलेल्या कोठीला आखूड नळीने जोडावा व कोठीपेक्षा उंच ठेवावा, म्हणजे पेट्रोलाची वाफ थिजून त्यात साचत नाही. नळी फाटल्यास बाहेरची हवा शिरून दाब अधिक दिसतो आणि इंधन वाया जाते. एंजिनालगतच्या संवेदकास −४०° ते १२५° से. तापमान सोसले पाहिजे. एकसिलिंडरी एंजिनात दाब प्रत्येक फेऱ्यात मोठ्या प्रमाणात वरखाली होतो, म्हणून तेथे जलद प्रतिसाद आवश्यक असतो आणि मापन भुजादंडाच्या ठराविक कोनाला घेतात. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र थ्रॉटल असलेल्या शर्यतीच्या एंजिनांत मात्र दाबाचा संकेत क्षीण व अस्थिर असतो. तेथे थ्रॉटलच्या उघडीपीवरून इंधन ठरविणे अधिक श्रेयस्कर होय.