धुकं रिटेक देत नाही

(दूरदर्शनच्या जमान्यात मालिकेत ‘गर्दी’ म्हणून उभ्या राहिलेल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याच्या हिवाळी गप्पा)

कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आलाय : ‘शूटिंगसाठी मुलं-मुली हवीत. एक दिवस. नाश्ता-जेवण मिळेल. पहाटे पाचला निघायचं.’ तुम्ही विचारात पडलाय, जावं की रजईत पडून राहावं?

दोस्तांनो, जा. मी गेलो होतो. डिसेंबर १९८५, टी.वाय.ला होतो. ‘हम लोग’ सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, मालिकांचे दिवस आले होते. १३ भागांची मालिका म्हणजे मोठी गोष्ट वाटायची. तशाच एका मालिकेच्या आउटडोअरला वाईच्या कृष्णाघाटावर गर्दी हवी होती. आम्ही सहा मित्र पुण्याहून लाल डब्यातून गेलो आणि चार दिवस गावकरी झालो. वाईला शूटिंगचं कौतुक आजही नाही. ‘गंगाजल’मधला बिहार तिथेच उभा राहिला आणि ‘स्वदेस’मधलं चरणपूर म्हणजे शेजारचं मेणवली.

काम काय? चालायचं!

हिरो-हिरॉइन बोलत असताना मागून जायचं, याला ‘पासिंग’ म्हणतात. माझ्या हातात सायकल होती. हिरॉइनने ‘बाबा’ म्हटलं की मी पिंपळाच्या पारापासून निघायचं आणि तिचं वाक्य संपेपर्यंत पायऱ्यांपाशी पोचायचं. सोपं वाटतंय ना? आता तेच मास्टर शॉटला करा, मग तिच्या क्लोजअपला, मग त्याच्या. दर वेळी तोच वेग, तोच हात, तीच मान. एका क्लोजअपमध्ये सायकल डाव्या हाताला आणि दुसऱ्यात उजव्या हाताला दिसली, तर एडिटिंगला बसलेला माणूस डोकं धरणार. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हा पहिला नियम. कुणी आपल्याकडे बघत नाहीये, हे मनाला पटवणं हा दुसरा. तोच जास्त अवघड.

बाकी सगळा वेळ थांबायचं. बारा तासांत आमचं खरं काम तासाभराचं असेल. मोबाइल नव्हता. पत्ते खेळायला ड्रेसदादा ओरडायचे, कपडे मळतात म्हणून. मग उरतं काय? बघणं.

थंडी आणि उजेड

अंगात पातळ बंडी, पायात वहाणा आणि पहाटेचे साडेपाच. कृष्णेवर एवढं धुकं असायचं, की पलीकडचं देऊळच गायब. युनिटमधल्या एका लाइटदादांनी मला शेकोटीजवळ बसवून समजावलं होतं. हिवाळ्याची रात्र मोठी आणि आभाळ मोकळं, त्यामुळे जमिनीची ऊब भराभर निघून जाते. गार हवा जड असते. ती डोंगरउतारावरून खाली येऊन खोऱ्यात साचते आणि नदीकाठच्या ओलसर हवेचं धुकं होतं. मी सायन्सचा विद्यार्थी, पण हे मला तिथे, कुडकुडताना कळलं.

मग आधी पांडवगडाचा माथा उजळायचा. ऊन पायरी-पायरीने डोंगर उतरत खाली यायचं, शेवटी घाटावर पोचायचं. धुकं विरायला लागलं की कॅमेरामनची धावपळ बघण्यासारखी असायची. नट चुकला तर पुन्हा घेता येतं, धुकं काही रिटेक देत नाही!

कॅमेरावाल्यांना हिवाळा का आवडतो, तेही तिथेच समजलं. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८-४९ अंशांवरच असतो. सावल्या लांब, चेहऱ्यावर ऊन तिरपं. मेच्या मध्यावर तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख पाडतो. त्या चार दिवसांनंतर मी आयुष्यभर कुठेही गेलो, की आधी उजेड कुठून येतोय ते बघतो. बँकेच्या काउंटरमागे ३५ वर्षं काढली, पण ही सवय सुटली नाही.

तीन सेकंद

भाग लागला तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंकडे अख्खा वाडा जमला होता. माझा सीन आला आणि गेला. जेमतेम तीन सेकंद, तेही पाठमोरा आणि धुक्यात. मित्र म्हणाले, ‘अरे, तू होतास कुठे?’ आई मात्र पटकन म्हणाली, ‘तो बघ, खांदा पाडून चालतोय.’

आई आता नाही. तो भाग पुन्हा कधी पाहायला मिळाला नाही, रेकॉर्ड करायला घरात व्हीसीआरही नव्हता. मालिकेचं नाव सांगितलं तरी आज कुणाला आठवत नाही. माझ्याकडे उरलंय ते धुकं, गुऱ्हाळावरून येणारा गुळाचा वास आणि आईचं ते वाक्य. तीन सेकंदांच्या मानाने पुष्कळ झालं.

तुमच्या पिढीवर सतत दिसत राहायचा ताण आहे. रील टाका, व्ह्यूज मोजा. म्हणून सांगतो, एखादा दिवस मागच्या रांगेत उभे राहून बघा. गर्दीतल्या माणसाला समोरचं सगळं दिसतं. आणि आपल्याला ओळखणारा माणूस आपल्याला पाठमोरंही ओळखतो.

जाणार असाल तर...

- पैसे किती, किती तासांचे आणि कधी मिळणार, हे आधीच विचारा. काम देण्यासाठी कुणी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली, तर सरळ नाही म्हणा.
- लोकेशन आणि को-ऑर्डिनेटरचा नंबर घरी देऊन ठेवा. एकटे जाऊ नका.
- साधे, एकरंगी, लोगो नसलेले कपडे न्या. शॉट संपल्यावर घालायला स्वेटर हवाच.
- प्रत्येक शॉटला आपण कुठे होतो, हातात काय होतं, हे लक्षात ठेवा.

आणि शूटिंगचा योग नाहीच आला, तरी हरकत नाही. जानेवारीत पानं गळालेल्या काटेसावरीला लाल फुलं यायला लागतात आणि मैना, बुलबुल, कोतवाल त्यांच्यावर तुटून पडतात. एका रविवारी सूर्योदयाआधी जवळची नदी, तळं किंवा टेकडी गाठा. मोबाइल खिशात ठेवा आणि ऊन तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर नुसते थांबा. तिकीट लागत नाही, ऑडिशनही नाही.