मुंबईचं पाणी निळं करू नका

मागच्या भागात गेटवेहून मांडव्याला जाताना बंदरातल्या जहाजांचे फोटो कसे काढायचे, ते पाहिलं. आता ते संगणकावर घेऊ. फोटो उघडला की बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण सगळंच फिकं आणि धुरकट दिसतं. मग हात सॅच्युरेशनकडे जातो आणि पाच मिनिटांत मुंबई बंदरात मालदीवचं पाणी भरतं. आपल्या बंदराचं पाणी गाळामुळे हिरवट-मातकट असतं. ते तसंच राहू द्यायचं. एडिटिंग करायचं ते कॅमेऱ्याला नीट न टिपता आलेलं परत आणण्यासाठी. जे तिथे नव्हतंच, ते घालण्यासाठी नाही.

आधी फोटो सरळ करा. खुल्या समुद्रात क्षितिज पुरतं, पण बंदरात क्षितिजाच्या जागी पलीकडचा किनारा असतो आणि लांब जाणारा किनारा तिरका दिसू शकतो. म्हणून चौकटीच्या मध्याजवळची एखादी इमारत किंवा क्रेनचा पाय धरा. जहाजावर मात्र विसंबू नका. माल उतरवलेलं जहाज बहुधा मागे दबलेलं आणि नाळेकडे उचललेलं असतं. त्याला सरळ करायला गेलात, तर समुद्रच कलंडेल.

मग उजेड. पांढरीशुभ्र केबिनची इमारत आणि खाली काळंकुट्ट अंग, ही जोडी कॅमेऱ्याला जड जाते. इथे रॉ फाइल उपयोगी पडते: १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये फक्त २५६. हायलाइट इतकेच खाली आणा, की जहाजाच्या ब्रिजच्या (सुकाणू-कक्षाच्या) खिडक्यांच्या कडा आणि कठड्याचे गज सुटे दिसतील. शॅडो उचलताना काळ्या पत्र्यांचे सांधे दिसू लागले की थांबा. काळं जहाज राखाडी दिसू लागलं, म्हणजे हात पुढे गेला. मुळातच जळालेला पांढरा भाग मात्र कुठल्याच स्लायडरने परत येत नाही.

हिवाळ्यातल्या धुरक्यावर डीहेझ हमखास चालवलं जातं. ते बेतानेच वापरा. जवळचं जहाज ठळक आणि लांबचं फिकट दिसतं, म्हणून तर दोघांमधलं अंतर कळतं. धुरकं पार पुसलं, की मागचं जहाज कापून चिकटवल्यासारखं वाटतं. शिवाय डीहेझमुळे आकाशही गडद होतं, ते वेगळंच.

रंगांच्या बाबतीत जहाजं आपल्याला सोपं करून देतात. मर्स्कच्या जहाजाचं अंग फिकट निळं, एव्हरग्रीनचं हिरवं. कंपनीची ओळख त्या रंगात असते. मर्स्कचा निळा गडद झाला असेल, तर बाकीचे रंगही चढले आहेत, असं समजा. दुसरी खूण गंजाची. नांगराच्या भोकाखाली ओघळलेला तपकिरी गंज आणि पाण्यालगतचा लाल रंगाचा पट्टा वेगवेगळे दिसले पाहिजेत. सॅच्युरेशन वाढवलं, की दोन्ही सारखेच भगवट होतात. तो गंज पुसायचा मोहही टाळा. जहाज विकलं जातं, नाव बदलतं, नवा रंग चढतो, शेवटी अलंगच्या किनाऱ्यावर तोडलं जातं. त्या दिवशी ते कसं होतं, हे तुमच्या फोटोतच उरणार.

शेवटी फोटो १०० टक्के मोठा करून आकाश तपासा. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढून टाका, पण लांबचा सीगल धूळ समजून उडवू नका. डोलकाठी आणि अँटेनाच्या कडेला पांढरी रेघ दिसली, तर शार्पनिंग जास्त झालंय.

एक सवय लावून घ्या. एडिट केलेला फोटो लगेच कुणाला पाठवू नका. रात्रभर ठेवून सकाळी मूळ फोटोशेजारी उघडा. आदल्या दिवशी डोळा चढत्या रंगाला सरावलेला असतो. सकाळी काय जास्त झालं ते लगेच कळतं. बहुतेक वेळा दोन-तीन स्लायडर निम्म्यावर आणावे लागतात.

पुढच्या आठवड्यात: हाच फोटो कागदावर छापताना काळोखी का येते आणि तिच्यावर उपाय काय.