फणसोंबा आणि साखरेचे सांधे

मागच्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. निपाणीजवळच्या एका खेड्यात तो शिक्षक आहे. चहा होईपर्यंत गप्प बसला, मग पिशवीतून कॅप्सूलची एक बाटली काढून त्याने समोर ठेवली. त्याच्या आईवर कर्करोगाचे उपचार चालू होते आणि कुणा नातेवाइकाने ही ‘अळंबीची’ बाटली आणून दिली होती. तिची किंमत त्याच्या पंधरवड्याच्या किराण्याएवढी. ‘सर, यावर पॉलिसॅकॅराइड तीस टक्के असे लिहिले आहे. द्यायचे की नाही ते डॉक्टरांना विचारतोच आहे. पण ह्या शब्दाचा अर्थ तरी सांगा.’

मी साहित्याचा अभ्यासक. रसायनशास्त्राशी माझा संबंध अकरावीनंतर सुटला. पण शब्दाचा अर्थ विचारल्यावर अंग चोरता येत नाही. महाविद्यालयातल्या रसायन आणि वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना पुढे कितीतरी दिवस छळले, त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

शब्द आपल्याच घरचा निघाला. संस्कृतातली ‘शर्करा’ पालीत ‘सक्खरा’ झाली, ग्रीकांकडे ‘साक्खारोन’ झाली आणि युरोप फिरून ‘सॅकॅराइड’ होऊन परत आली. आपली ‘साखर’ही त्याच शर्करेची लेक. शर्करा म्हणजे मुळात खडा, वाळूचा कण. पॉलिसॅकॅराइड म्हणजे शर्करेचे अनेक कण जोडून झालेली साखळी. ‘बहुशर्करा’ म्हटले की विद्यार्थ्याला अर्धे तरी कळते. मी तोच शब्द वापरतो.

आता अळंबीकडे. आपल्या सीमाभागात हिला नावे पुष्कळ. मराठीत अळंबे, कन्नडमध्ये अणबे, गोव्याच्या बाजूला अळमी. पाऊस लागला की वारुळांवर उगवतात ती खाण्याची. पण खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या जुन्या बायकांना आणखी एक अळंबे ठाऊक असते, जे खात नाहीत, उगाळतात. फणसाच्या खोडावर वाढणारे, लाकडासारखे कठीण, तपकिरी, खुरासारखे. हाच फणसोंबा. कुणी फणसांबा म्हणते, कुणी फणसाळंबे. फणस आणि अळंबे ही जोडी त्या नावात अजून ऐकू येते. लहान मुलाची लाळ फार गळू लागली, तोंड आले, की सहाणेवर पाण्यात उगाळून तो हिरड्यांना लावायचा. ही प्रथा कोकणापासून इकडे घाटावरपर्यंत आहे. पुणे विद्यापीठातील डॉ. जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस या फणसोंब्याचा शास्त्रीय अभ्यास केला आणि तो फेलिनस या कवक प्रजातीतला असल्याचे दाखवले. ह्याच गोतातले एक कवक कोरियात ‘सांगह्वांग’ नावाने औषधी मानले जाते, आणि तिथे त्याच्या बहुशर्करेवर बरेच संशोधन झाले आहे.

बहुशर्करा हे नाव मात्र फार ऐसपैस आहे. ज्वारीच्या भाकरीतला पिष्ट पदार्थ म्हणजे स्टार्च, तो बहुशर्कराच. उसाचा रस काढल्यावर उरणारे चिपाड, त्यातले सेल्युलोज, तेही बहुशर्करा. आणि अळंबीच्या पेशीभित्तिकेतले बीटा-ग्लुकान, तेही. नवल असे की तिघांचाही कण एकच: ग्लुकोज. मग भाकरी पचते, चिपाड पचत नाही आणि अळंबीला औषध म्हणतात, हे कसे?

उत्तर सांध्यात आहे. ग्लुकोजच्या कणात कार्बनचे सहा अणू असतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. स्टार्चमध्ये एका कणाचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्याशी जोडलेला असतो. सेल्युलोजमध्येही पहिला चौथ्याशीच. फरक एवढाच की स्टार्चमध्ये पहिल्या कार्बनवरचा बंध खाली वळलेला, तर सेल्युलोजमध्ये वर. पहिल्याला अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीची दिशा बदलते आणि दिवसाचा गरीब होतो, तसलाच हा प्रकार. आपल्या लाळेतले विकर अल्फा सांधा तोडते, म्हणूनच भाकरीचा घास बराच वेळ चघळला की गोड लागतो. बीटा सांध्यापुढे ते हतबल असते. सेल्युलोजच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, त्यातून लाकूड आणि कापूस होतो.

अळंबीत सांधा बीटाच, पण पहिला कार्बन तिसऱ्याशी. त्यामुळे साखळी सरळ न राहता वळत जाते, आणि अशा तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफून तीन पेडांची वेणी तयार होते. वेणीच्या मधल्यामधल्या कणांतून सहाव्या कार्बनवर एकेक कण फांदीसारखा बाहेर आलेला असतो. पावसात भिजलेल्या सरपणावर करड्या-पांढऱ्या, लवदार, नखाएवढ्या पंख्यांची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ते शिझोफायलम. त्याच्या ग्लुकानात दर तीन कणांमागे एक फांदी. जपानी शिताके अळंबीतल्या लेंटिनानमध्ये दर पाचांमागे दोन. ह्या फांद्यांमुळे वेण्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत आणि पाण्यात विरघळू शकतात. फांद्या नसलेले असेच एक ग्लुकान पाण्यात विरघळतच नाही.

माणसाचे शरीर असली वेणी बनवत नाही. त्यामुळे ती दिसली की आपल्या पांढऱ्या पेशी सावध होतात. त्यांच्या लेखी ती परक्या बुरशीची खूण. पेशीवर ही खूण ओळखणारा जो ग्राही असतो, त्याचे नाव डेक्टिन-१. गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी ही त्याची ओळख २००१ मध्ये दाखवून दिली. म्हणजे ही बहुशर्करा कर्करोगाच्या गाठीला थेट मारते असे नाही. ती पहारेकऱ्याला जागे करते. जागा झालेला पहारेकरी चोर पकडेलच, याची हमी कुणी दिलेली नाही.

जपानमध्ये गोरो चिहारा यांनी १९६९ मध्ये लेंटिनान वेगळे काढून उंदरांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे तिथे तीन औषधांना मान्यता मिळाली: रंगीत पट्ट्यांच्या एका कवकापासूनचे क्रेस्टिन १९७७ मध्ये, लेंटिनान १९८५ मध्ये आणि शिझोफायलन १९८६ मध्ये. विक्रेते हा इतिहास मोठ्या अक्षरांत छापतात. ही औषधे रसायनोपचार किंवा किरणोपचाराच्या जोडीने द्यायची होती, त्यांच्या जागी नव्हे. लेंटिनान आणि शिझोफायलन तर इंजेक्शनने, कारण एवढा मोठा रेणू आतड्यातून सहजी रक्तात उतरत नाही. अलीकडे जपानमध्येही त्यांचा वापर मागे पडला आहे. हे मात्र बाटलीवर कुठेच नसते.

आता त्या ‘तीस टक्क्यां’कडे येतो. एकूण बहुशर्करा मोजण्याची जी प्रचलित चाचणी आहे, तिला अल्फा-बीटा कळत नाही. साखळी तोडून साखर मोजायची, एवढेच तिचे काम. बाजारातली काही कवक-पूड धान्यावर वाढवलेल्या कवकजालाची असते आणि धान्यासकट दळलेली असते. त्या धान्यातला स्टार्चही बहुशर्करा म्हणून मोजला जातो. म्हणजे तांदळाच्या पिठावरही ‘बहुशर्करा सत्तर टक्के’ असे लिहिता येईल आणि ते खोटे ठरणार नाही. एवढा व्यापक शब्द ज्याला वापरता येतो, त्याला खोटे बोलावे लागत नाही. परिभाषा घडवणाऱ्यांनी बहुशर्करेबरोबर तिच्या सांध्यांनाही सोपी मराठी नावे द्यावीत, असे मला वाटते ते यासाठी.

विद्यार्थ्याला मी सहकाऱ्याने सांगितलेली युक्ती दिली. कॅप्सूलची पूड पाण्यात उकळायची, पूर्ण गार होऊ द्यायची आणि आयोडीनचा एक थेंब टाकायचा. स्टार्च असेल तर निळे-काळे होते. बीटा-ग्लुकानाने होत नाही. निळे झाले नाही म्हणून ते औषध ठरत नाही, हेही बजावले. त्याने सातवीच्या वर्गातच प्रयोग केला. दोन दिवसांनी फोन आला, ‘सर, शाईसारखे निळे.’

मग जरा थांबून म्हणाला, उपचारांनी आईचे तोंड फार आले आहे. तिला तिच्या आजोळचा फणसोंबा आठवतो, तो उगाळून लावू का? मी म्हटले, हे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. डॉक्टरांनी नकोच सांगितले. रसायनोपचारात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, अशा वेळी झाडावरची वस्तू सहाणेवर उगाळून तोंडातल्या जखमांना लावली तर जंतुसंसर्गाची भीती. त्यांनी धुवायला वेगळे औषध दिले. आईने ते घेतले, पण फणसोंब्याचा तुकडा कुणीतरी कणकुंबीहून आणून दिला होता, तो तिने देवघरात ठेवून दिला आहे, असे तो सांगत होता.